चौदा दिवसांचं मीठ

(चांदूर बाजारपासून आठ किलोमीटरवरचं गाव. पोळा होऊन आठवडा झालेला. भर दुपार. मैनाबाई चुलीपुढे, ज्योत्स्ना ताट पुढ्यात घेऊन बसलेली.)

मैनाबाई: लाजू नको, अजून अर्धी घे. येवढीशी भाकर तं घरची मांजर खाते.

ज्योत्स्ना: पोट भरलं मावशी, खरंच.

मैनाबाई: पोट नाई भरलं, तोंड बिघडलं तुहं. बेसन अळनी हाय म्हनून बोटानं चिवडून राह्यली तू कवापासून.

ज्योत्स्ना: मला वाटलं, आज मीठ विसरलात तुम्ही.

मैनाबाई: चाळीस वर्सं गेले चुलीपुढं, मीठ कोन विसरते? सोमवारपासून बंद हाय घरात. भाकरीत नाई, बेसनात नाई, चटनीत नाई. चुकून हात जाऊ नये म्हनून बरनीच उचलून इंदूबाईच्या घरी ठेवली.

ज्योत्स्ना: कशासाठी?

मैनाबाई: आता कशासाठी म्हन. चैतात जे अर्धं राह्यलं थेच. टेकडीवरच्या मायचा नवस, एकेचाळीस दिस अळनी. तेविसाव्या दिशी त्याले दवाखान्यात नेलं तवा मोडला होता, तो पयल्यापासून धरला. कुलदीपनं धरला, मी धरला, त्याच्या बापानंही धरला. बुढा कुरकुरते, पन खाते.

ज्योत्स्ना: कुलदीप कुठे आहे?

मैनाबाई: मांगं, निंबाखाली. जंबेरी लिंबाचे चार रोपं ठेवले समोर. संत्र्याचं कलम बांधून पाह्यते. नाई होत. पट्टी गुंडाळता गुंडाळताच कलमाचा डोळा गळून पडते हातातून. पन म्हटलं, हाताले सवय राहाव. नर्सरीत कसा होता थो, तुले तं मालूम हाय. दिवस बुडेलोक सातशे कलमा. मालक म्हने, कुलदीपच्या हातचं झाड मरत नाई.

ज्योत्स्ना: माहीत आहे. मावशी, नवस पुन्हा धरा असं भगतांनी सांगितलं का?

मैनाबाई: चंद्रभान भगताले इचारलंच नाई मी. थो काय म्हनते ते मले पाठ हाय. मांगच्या बारी म्हने, "पोट्ट्याच्या डोक्याच्या गोळ्या चालू हाय, आदी तुमच्या त्या बाईले इचारा, मंग धरा." आता बाईले इचारावं तं बाई फोन उचलत नाई. चार महिने झाले. आठ बारी लावला. दर बारी मोबाईलमधली पोरगी बोलते, तू नाई बोलत.

ज्योत्स्ना: चुकलं माझं.

मैनाबाई: कामं असतीन. तालुक्यातले सारे बिघडले डोके तुह्याच पदरात. मी काही रागावली नाई. आज पाय लागले ना घराले.

ज्योत्स्ना: मावशी, मी आज एक गोष्ट सांगायलाच आले आहे.

मैनाबाई: सांगजो. आदी माहं ऐकून घे, म्हंजे तुह्याही जिवाले बरं वाटन. अळनीसंग गोळ्याही सुरू केल्या मी.

ज्योत्स्ना: कोणत्या गोळ्या?

मैनाबाई: तुह्याच. पांढऱ्या. डब्यात तीन पत्ते उरले होते जुने.

ज्योत्स्ना: त्या तर बंद केल्या होत्या. अमरावतीला दवाखान्यातून सुट्टी झाली तेव्हा कागदावर लिहून दिलं होतं त्यांनी.

मैनाबाई: कागद इंग्रजीत हाय बाप्पा. इथी कोन वाचते? मले तुहा शब्द ध्यानात हाय. "मावशी, नवस करा, काही करा, पन गोळी एक दिवस चुकवू नका." चुकवली म्हनूनच दोन वर्सांखाली थो रस्त्यानं जानाऱ्याले फुकटात रोपं वाटत फिरे. रात-रात झोपे नाई. अन् मंग तीन महिने गोठ्यात तोंड भिताडाकडं करून बसला. गोळी लागू पडली तवा मानूस झाला. मी थे इसरन का?

ज्योत्स्ना: आज सकाळी दिली?

मैनाबाई: देल्ली. अन् काल रात्रीही.

ज्योत्स्ना: सोमवारपासून म्हणजे चार दिवस. मावशी, हाताची थरथर वाढली का त्याची?

मैनाबाई: वाढली ना. कालपासून पोटही पानी-पानी होऊन राह्यलं. म्हनून तं म्हनतो, माय पाह्यते आपली परीक्षा.

ज्योत्स्ना: पत्ते आणा. सगळे. आत्ता.

मैनाबाई: जेवन तं कर.

ज्योत्स्ना: जेवण राहू द्या. पत्ते द्या आधी माझ्या हातात.

मैनाबाई: घे. हे दोन पुरे, अन् हा अर्धा. असं काय करून राह्यली तू? पर्समध्ये काहून टाकते? त्याले संध्याकाळची द्याची हाय.

ज्योत्स्ना: द्यायची नाही. एकही नाही. आणि त्याला आज मीठ-साखरेचं पाणी द्यायचं, भरपूर. जेवणात मीठ घालायचं, आजपासूनच.

मैनाबाई: आज चवथाच दिस हाय ताई.

ज्योत्स्ना: हो.

मैनाबाई: दुसऱ्यांदा मोडू म्हनते? एकदा मोडला तं पोट्ट्याचे हातपाय गेले. जीभ गेली. दारू न पेता दारुड्यावानी चालते थो. आरती लेकराले घेऊन अकोल्याले माहेरी बसली. तिचा बाप म्हने, दिवाळीलोक जावई नीट उभा दिसला तं पाठवतो, नाई तं पाठवत नाई. माह्यापाशी दिवाळीलोक टाइम हाय. आता मोडला तं काय जाईन? जीव?

ज्योत्स्ना: मावशी, देवीचा कोप नव्हता तो.

मैनाबाई: तू काहीही म्हनशीन, तुले माह्यासंग चांगलं वागाचं हाय. पन मले मालूम हाय कोप कायचा होता. मी तुले सांगतलंही होतं फोनवर. माह्या हातून पाप झालं होतं.

ज्योत्स्ना: मिठाचं.

मैनाबाई: पाचव्या दिशी त्याच्या गळ्याखाली घास उतरे ना. ऊन कसं होतं तवा, चैताचं. नर्सरीतून ये थो घामानं निरा भिजून, अन् पुढ्यात अळनी वरन. मानूस पाहू शकते, माय पाहू शकत नाई. चिमूट टाकली वरनात. मंग रोजच टाकली. कोनाले सांगतलं नाई. बुढ्यालेही नाई. चौदाव्या दिशी राहवलं नाई, तुले फोन केला.

ज्योत्स्ना: आणि मी काय म्हणाले?

मैनाबाई: चांगलंच म्हनली. "मावशी, मनाले टोचत असन तं नका टाकू. श्रद्धेनं धरलं तं श्रद्धेनंच पुरं करा." त्या दिवसापासून एक कन टाकला नाई मी. पन माय सोडते का? मी तुह्यापाशी कबूल झाली, तिच्यापाशी नाई झाली. चौदा दिस थांबली, मंग हिशोबच केला तिनं. सोळाव्या दिशी हात थरथरू लागले.

ज्योत्स्ना: चौदा दिवस तो बरा होता ना?

मैनाबाई: ठनठनीत. गानं म्हने कलमा बांधता बांधता.

ज्योत्स्ना: तुम्ही मीठ घालत होतात, म्हणून बरा होता.

मैनाबाई: काय म्हनली?

ज्योत्स्ना: त्या चिमटीनं त्याला सांभाळलं. ज्या दिवशी तुम्ही ती बंद केली, त्या दिवसापासून तो बिघडत गेला. देवी रागावली नव्हती मावशी. पहिले चार दिवस सोडले तर त्याच्या अंगात मीठ होतं. नंतर नव्हतं. एवढंच झालं.

मैनाबाई: मिठाचा अन् डोक्याचा काय संबंध?

ज्योत्स्ना: डोक्याचा नाही, त्या गोळीचा. ती गोळी म्हणजे पण एक प्रकारचं मीठच असतं. अंगात आपलं रोजचं मीठ असलं की जास्तीची गोळी लघवीवाटे निघून जाते. मीठ कमी पडलं, वरून घाम गेला, की शरीर त्या गोळीलाच मीठ समजून धरून ठेवतं. सोडत नाही. रोज दोन गोळ्या आत जातात आणि बाहेर काहीच येत नाही. साचत जातं. आधी हात थरथरतात, मग उलट्या, जुलाब, मग चाल जाते, जीभ जड होते. त्याला विष झालं होतं त्या गोळीचं.

मैनाबाई: तुह्या गोळीचं.

ज्योत्स्ना: हो.

मैनाबाई: ज्या गोळीनं मानूस केला त्याच गोळीचं.

ज्योत्स्ना: हो. मीठ बंद केल्यावर.

मैनाबाई: कवापासून मालूम हाय तुले हे?

ज्योत्स्ना: दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, जेवणात काही बदल केला होता का म्हणून. तुम्ही बाहेर बसला होता. मी सांगितलं, अळणी उपास होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नुसतं. तेव्हा कळलं.

मैनाबाई: म्हनून फोन उचले नाई तू.

ज्योत्स्ना: म्हणूनच.

मैनाबाई: अन् चैतात? तवा मालूम नव्हतं? तुह्या शाळेत शिकवलं नाई?

ज्योत्स्ना: शिकवलं होतं. हेच तर आहे मावशी. आमच्या पुस्तिकेत लिहिलेलं आहे. या गोळीवर असणाऱ्यानं पाणी आणि मीठ कमी करू नये. मी स्वतः चार घरी वाचून दाखवलंय.

मैनाबाई: अन् माह्या घरी?

ज्योत्स्ना: तुमच्या घरी तुम्ही देवीचा नवस म्हणालात. मी देवीचाच विचार करत बसले. आता काय बोलावं, कसं बोलावं म्हणजे तुमचं मन दुखणार नाही. त्यात मिठाचा विचारच केला नाही. नवसाचं नाव न घेता तुम्ही नुसतं जेवणातलं मीठ बंद करते म्हणाला असतात, तर मी लगेच नाही म्हटलं असतं.

मैनाबाई: मी तं तुले मोकळं इचारलं होतं. भगतानं सांगतलं म्हनून इचारलं. नाई म्हनाचं होतं. मी ऐकलं असतं.

ज्योत्स्ना: मला वाटलं ऐकणार नाही.

मैनाबाई: काहून?

ज्योत्स्ना: तुमच्या आधी अचलपूरकडे एक घर होतं. गीतांजली नावाची पोरगी, एकोणीस वर्षांची. तिची माय रोज अंगारा लावायची. मी नवीन होते, तोंडाची फटकळ. म्हटलं, देवीबिवी काही नसते, गोळ्या द्या. तिच्या बापानं विचारलं, बाई, तुम्ही कोण लोक? मी सांगितलं. तो म्हणाला, "मग बरोबर, तुमच्यात देव नाहीच, तुम्ही आमचेही काढायला आल्या." दार लावून घेतलं. पुन्हा उघडलं नाही. महिन्याभरानं पोरगी विहिरीत सापडली.

मैनाबाई: अरे माय.

ज्योत्स्ना: आमच्या आजोबांनी छप्पन साली घरातले सगळे देव पूर्णेत सोडले. मी देवाशिवाय वाढले. पण त्या पोरीनंतर मी ठरवलं, कोणाच्या देवाला बोट लावायचं नाही. जे म्हणतील त्याला हो म्हणायचं, फक्त गोळी चालू ठेवा म्हणायचं. मग तुम्ही भेटलात.

मैनाबाई: तू पयल्यांदा आली, तवा मी तुले च्या प्लॅस्टिकच्या गिलासात देल्ला होता.

ज्योत्स्ना: आठवतं.

मैनाबाई: फेकून द्याले बरं पडाव म्हनून. कुंकू नाई, आडनाव ऐकलं, समजली मी. पन तू नवसाचं ऐकून नाक नाई मुरडलं. तवा वाटलं, हिच्यात देव नाई तरी हे आपल्या मायले नाव नाई ठेवत. दुसऱ्या खेपीले कपबशी काढली. त्या कपबशीपायी भरोसा बसला वो तुह्यावर. सख्ख्या भावावर नाई तेवढा.

ज्योत्स्ना: मला तो भरोसा तोडायचा नव्हता.

मैनाबाई: भरोसा सांभाळला तुनं. पोट्टा नाई सांभाळला.

ज्योत्स्ना: नाही सांभाळला.

मैनाबाई: मोठ्या डॉक्टरले तरी इचारलं होतं का, नवस धरू देऊ का म्हनून?

ज्योत्स्ना: नाही. डॉक्टर फक्त बुधवारी येतात. पण फोन करता आला असता. मला वाटलं, हा देवाचा विषय आहे, डॉक्टरांना यात काय कळतं, लोकांच्या मनाचं मला जास्त कळतं. गर्व होता मावशी, दुसरं काय. तुमचा तो मिठाचा फोन आला, त्याच आठवड्यात अकोल्याला आमचं प्रशिक्षण होतं. लोकांच्या रूढी न दुखवता उपचार कसे करावे, यावर. मी उभी राहून तुमचीच गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं. म्हटलं, एक आई आहे, एक भगत आहे, नवस पण चालू आहे आणि औषध पण चालू आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मैनाबाई: तो कोनता दिस होता नवसाचा?

ज्योत्स्ना: सतरावा.

मैनाबाई: सतराव्या दिशी पानी पेताना त्याच्या हातातून लोटा पडला. मी तुले फोन केला. तू म्हनली, गर्दीत हाय मावशी, संध्याकाळी बोलते.

ज्योत्स्ना: हो. त्याच सभागृहातून म्हणाले.

मैनाबाई: अन् संध्याकाळी म्हटलं मी तुले, ताई, बाया म्हनते अंगात येऊन राह्यलं त्याच्या. तू काय म्हनली?

ज्योत्स्ना: विरोध करू नका म्हणाले. आलं असेल. बुधवारी घेऊन या.

मैनाबाई: बुधवारी आनला. कुलूप होतं.

ज्योत्स्ना: डॉक्टर रजेवर होते. मी तुम्हाला कळवायला विसरले.

मैनाबाई: मालूम हाय तुले इथी काय चालू होतं मंग? साऱ्या गावाच्या बाया आल्या. निंबाखाली पाटावर बसवलं त्याले. थो थरथर कापे, डोळे फिरवे, तोंडातून शब्द निघे ना नीट. बाया म्हने माय बोलते, माय बोलते. कुंकू लावलं त्याले. खन-नारळानं ओटी भरली. आरतीनं पाय धुतले त्याचे. मी माह्या पोटच्या पोराच्या पायावर डोकं ठेवलं ताई. म्हटलं, माय, माहं काही चुकलं असन तं पदरात घे. थो काहीतरी म्हनून राह्यला होता मले. आम्हाले वाटलं, मायचा हुकूम.

ज्योत्स्ना: काय म्हणत होता?

मैनाबाई: आता समजते. पानी म्हनत होता.

ज्योत्स्ना: मावशी.

मैनाबाई: थांब. हात नको लावू. मले एक नीट सांग. चिमूटभर मीठ, दोन टाइमाचं. तेवढं पुरे होतं का? एकेचाळीस दिस?

ज्योत्स्ना: मला नक्की नाही सांगता येत.

मैनाबाई: आता तरी खोटं नको बोलू.

ज्योत्स्ना: चौदा दिवस पुरलं होतं. त्याला काही झालं नव्हतं.

मैनाबाई: म्हंजे माह्या हाताले समजत होतं. शिकली नाई, सवरली नाई, पन हात आपोआप बरनीकडं जाये. अन् तुले इचारून मी त्या हाताले आवरलं.

ज्योत्स्ना: तुमची काही चूक नाही यात. हेच सांगायला आले मी. पाप तुम्ही केलं नाही. रोज देवीची माफी मागत बसू नका.

मैनाबाई: तिची माफी मांगत होती तवा बरं होतं वो. वाटे, आज ना उद्या पाझर फुटन. आता कोनाची मांगू? मंग मी तुले फोन काहून केला? चुपचाप टाकत राह्यली असती चिमूट, तं कोनाले समजलं असतं? चोरी करत राह्यली असती तं पोट्टा आज कलमा बांधत असता. खरं बोलाले गेली अन् सारं गेलं.

ज्योत्स्ना: मला शिव्या द्या. पण आज त्याला अमरावतीला न्यायला लागेल. रक्त तपासायला लागेल. चार दिवसांचं किती साचलं ते पाहावं लागेल. मी गाडी बोलावते.

मैनाबाई: अन् दवाखान्यात नेलं का नीट होईन? चाल येईन? हात येतीन?

ज्योत्स्ना: जे गेलं ते बहुतेक परत नाही येणार.

मैनाबाई: दिवाळीलोकही नाई.

ज्योत्स्ना: नाही. व्यायामानं थोडं सुधारेल. पण आणखी जाऊ नये म्हणून आज न्यायलाच पाहिजे. आणि त्याच्या मूळच्या दुखण्यावर दुसरी गोळी लागेल. ती नसली तर तो पुन्हा त्या गोठ्यात जाऊन बसेल.

मैनाबाई: म्हंजे सोडली तं गोठा, देल्ली तं हे. 

ज्योत्स्ना: दुसरी गोळी वेगळी असते. तिला मिठाचं—

मैनाबाई: तू नको सांगू. तिचं मिठाचं हाय, का तेलाचं हाय, का आंबटाचं, थे दुसऱ्या कोनाले सांगू दे. देवीले इचारत होती, तिनं कधी उत्तर नाई देल्लं. तुले इचारलं, तुनं देल्लं.

कुलदीप: आई.

मैनाबाई: कवा आला तू? भिताड धरून उभा राह्य. पडशीन.

कुलदीप: भूक... लागली. ताई आल्या?

ज्योत्स्ना: आले कुलदीप. बस इथे, माझ्या शेजारी.

कुलदीप: एक... कलम... बांधलं. सुटलं मंग.

मैनाबाई: होईन. उद्या दुसरं बांधजो.

कुलदीप: मी... ऐकलं. मांगून... सारं ऐकू येते.

ज्योत्स्ना: कुलदीप, माझं चुकलं. तुझ्या हाताला, तुझ्या बोलण्याला जे झालं ते माझ्या सांगण्यानं झालं. तुझ्या आईच्या मिठानं नाही, तुझ्या देवीनं पण नाही.

कुलदीप: मिठाचं... मले मालूम होतं.

मैनाबाई: काय मालूम होतं?

कुलदीप: वरन. गोड लागे. माह्या एकट्याच्या... वाटीत. बुढ्याचं अळनी... अन् माहं नाई. समजलं मी. तू टाकते.

मैनाबाई: अन् बोलला नाई?

कुलदीप: बोललो असतो तं... तू बंद केलं असतं. म्हनून मी... कोनालेच नाई सांगतलं. तू... काहून सांगतलं, आई?

मैनाबाई: येडी होती म्हनून सांगतलं, बाप्पा.

कुलदीप: रडू नको. भूक लागली. वाढ.

मैनाबाई: काय वाढू तुले? सारं अळनी हाय.

ज्योत्स्ना: मी आणते मीठ. इंदूबाईंकडेच बरणी आहे ना? दोन मिनिटांत येते.

मैनाबाई: बस.

ज्योत्स्ना: शेजारीच तर आहे मावशी, मी जाते—

मैनाबाई: तुह्या हातचं नको मले. पयल्या दिशी तू उंबऱ्यात आली, तवाही मी मनातल्या मनात हेच म्हनली होती. तवा माहं चुकलं होतं. आज नाई चुकत.

ज्योत्स्ना: बरं.

मैनाबाई: कागदावर लिहून दे, अमरावतीले कोठी न्याचं अन् काय सांगाचं. मराठीत लिही. वावरातून याच्या बापाले बोलावतो, थो नेईन तीनच्या बसनं. तू संग येऊ नको.

ज्योत्स्ना: लिहिते. मीठ मात्र बसच्या आधी, आत्ताच द्या त्याला. पाणी पण. तेवढं ऐका.

मैनाबाई: ऐकतो. मीठ द्याले आता कोनाच्या सांगन्याची गरज नाई मले.

कुलदीप: मी... जातो. इंदूमावशीकडं. मी आनतो.

ज्योत्स्ना: तुला जमेल का एकट्याला?

मैनाबाई: जाऊ दे त्याले. जाय बाप्पा, भिताडाले धरून जाय. अन् वाटी नको नेऊ. पुडी बांधून दे म्हना तिले. वाटीतलं सांडते तुह्या हातून.